देवळालीच्या मास्तरांची रीत आणि संगणकाचा क्लास

१९०५ ही संख्या घेऊ. तिचे चार अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा : ९५१०. मग चढत्या क्रमाने : ०१५९. मोठीतून लहान वजा केली की ९३५१ येतात. या उत्तरावर पुन्हा तेच करायचं. अंक उतरते, अंक चढते, वजाबाकी. फळ्यावर ते असं दिसेल :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातव्या वजाबाकीला ६१७४ आले. आठवी करून पाहा, पुन्हा ६१७४च येतील. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ला पोचता आणि तिथेच राहता.

१९०५ ही संख्या मुद्दाम घेतली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं ते जन्मवर्ष. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्याला, पुढचं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. त्यापुढचं शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते, आणि शाळा सांभाळून संख्यांशी खेळत होते. ६१७४चा हा गुण त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आज तिला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. (१९४९ या संख्येवरही रीत करून पाहा. तीही पुरत्या सात पायऱ्या घेते.)

संगणकाची भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत हे उदाहरण हमखास असतं. ‘कापरेकरांची रीत करून दाखवणारा प्रोग्रॅम लिहा’ असा स्वाध्याय दिला जातो, विद्यार्थी तो लिहितात, उत्तर ६१७४ येतं, आणि पान उलटलं जातं. त्याच पुस्तकात पुढे कुठेतरी मॉड्यूल, क्लास, मेथड असे शब्द येतात. त्यांच्या व्याख्या मुलं पाठ करतात. ‘क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा’ हे वाक्य तोंडपाठ असलेला, पण आपल्या प्रोग्रॅममध्ये क्लास कशाला हवा होता हे सांगता न येणारा विद्यार्थी आपल्यापैकी अनेकांना भेटला असेल. हे शब्द कोणा एकाने बसून ठरवलेले नाहीत. प्रत्येकामागे एकेक अडचण होती. त्या अडचणी कोणत्या, हे कापरेकरांच्याच संख्या हाताशी धरून पाहता येतं.

आधी मेथड. या शब्दासाठी आपल्याकडे घरचाच शब्द आहे : रीत. गणिताच्या पेपरात आपण ‘रीत दाखवा’ म्हणतो तीच. कापरेकरांच्या पायरीत तीन छोट्या रीती दडलेल्या आहेत : अंक उतरते मांडणं, अंक चढते मांडणं आणि वजाबाकी. शिवाय त्या तिघींना ओळीने वापरणारी चौथी, तिला आपण ‘पुढची’ म्हणू. ‘पुढची’ एकदा नीट लिहिली की ती सात वेळा लिहायची गरज नाही. सात वेळा बोलवायची.

हे आज इतकं सरळ वाटतं की यात शोध लागण्यासारखं काही होतं असं वाटत नाही. पण होतं. कापरेकर मद्रासला गेले त्याच वर्षी, ६ मे १९४९ रोजी, इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या चमूचा एडसॅक हा संगणक पहिल्यांदा चालला. त्याने पहिलं काम केलं ते ० ते ९९ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग छापण्याचं. गंमत पाहा, त्या तक्त्यात कापरेकरांच्या आणखी एका लाडक्या जातीचे नमुने होते. ४५चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५चा वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. ९चा वर्ग ८१, ८ + १ = ९. ९९चा वर्ग ९८०१, ९८ + ०१ = ९९. वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत देणाऱ्या या संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. पुढची २९७, कारण तिचा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.

एडसॅकवर प्रोग्रॅम लिहायला लागल्यावर केंब्रिजच्या मंडळींच्या लक्षात आलं की आपण यंत्र चालवण्यापेक्षा चुका शोधण्यातच जास्त वेळ घालवतो आहोत. उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे आपल्याला त्या १९४९च्या सुमाराला एका जिन्यात उमगलं, अशी आठवण विल्क्स यांनी पुढे लिहिली आहे. उपाय असा निघाला की एकदा तपासलेली रीत जपून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा वापरायची. पण रीत बोलावली, तिचं काम झालं, आता परत कुठे जायचं? एकाच प्रोग्रॅममध्ये ती पाच ठिकाणांहून बोलावलेली असू शकते. डेव्हिड व्हीलर या विद्यार्थ्याने यावर तोड काढली. बोलावणाऱ्याने आपला पत्ता रीतीच्या हाती द्यायचा, आणि रीतीने काम संपल्यावर त्या पत्त्यावर परतायचं. पाचवी ‘अ’मधून कोणा मुलाला खडू आणायला कार्यालयात पाठवताना आपण त्याच्या हातात वर्गाचं नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी, तसं. अशा रीतींना तेव्हा सबरुटीन म्हणत. त्या छिद्रं पाडलेल्या कागदी फितींवर असत आणि लागेल ती फीत काढून घ्यायची अशी त्यांची संग्रहशाळा होती. १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी यावर पुस्तक काढलं. प्रोग्रॅम कसे लिहावेत याबद्दलचं हे पहिलं छापील पुस्तक.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्याच वर्षी कापरेकर देवळालीच्या शाळेतून निवृत्त झाले.

आता क्लासकडे येऊ. इथे आधी शब्दाचीच पंचाईत आहे. ‘वर्ग’ म्हणावं तर ४५चा वर्ग २०२५, आणि सातवीचा वर्ग आणखी निराळा. ‘क्लास’ म्हणावं तर मुलांना संध्याकाळची शिकवणी आठवते. त्यातल्या त्यात शिकवणीचा गोंधळ लवकर निस्तरतो, म्हणून या लेखात क्लासच म्हणू या.

क्लास का लागतो हे कळायला १००० ही संख्या घ्या. उतरते अंक १०००, चढते ०००१, वजाबाकी ९९९. आता पुढची पायरी. इथे मुलांचे दोन तट पडतात, आणि पडू द्यावेत. काही म्हणतील, ९९९चे उतरते अंक ९९९, चढतेही ९९९, वजाबाकी शून्य, संपलं. मास्तरांचा नियम खोटा! दुसरे म्हणतील, ही ९९९ नाही, ०९९९ आहे. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. नियम खरा.

संगणक नेमका पहिल्या तटातला असतो. त्याच्या लेखी ९९९ आणि ०९९९ यांत काहीच फरक नाही, कारण संख्या म्हणून त्या दोन्ही एकच आहेत. नवशिक्याचा प्रोग्रॅम १९०५ला नीट चालतो, आणि १०००ला गडबडतो. मग तो काय करतो? जिथे जिथे वजाबाकी आहे तिथे तिथे ‘उत्तर १०००पेक्षा लहान असेल तर पुढे शून्य लाव’ अशी ठिगळं लावत सुटतो. उतरत्या क्रमाच्या रीतीत एक ठिगळ, चढत्याच्या रीतीत दुसरं, छापताना तिसरं. एखादं ठिकाण राहून जातं.

खरी अडचण अशी आहे की ‘ही चार अंकी आहे’ ही माहिती कोणाकडेच नाही. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आहे, संख्येजवळ नाही. तेव्हा ती संख्येजवळच ठेवायची. अंक आणि रुंदी मिळून एक वस्तू करायची, आणि त्या वस्तूवर चालणाऱ्या रीती तिच्याच पदरी बांधायच्या :

क्लास अंकमाला
 जवळ काय आहे : अंक, रुंदी
 रीत उतरती : अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडून द्या
 रीत चढती : अंक लहानापासून मोठ्याकडे मांडून द्या
 रीत पुढची : उतरतीतून चढती वजा करा, उत्तर त्याच रुंदीत, पुढे शून्यं भरून, नवी अंकमाला म्हणून द्या

क्लास म्हणजे एवढंच. एका प्रकारच्या वस्तूंजवळ काय काय असतं आणि त्यांना काय काय करता येतं, याची एकदाच केलेली नोंद. या नोंदीवरून १९०५ (रुंदी ४) ही एक वस्तू बनते, ०९९९ (रुंदी ४) ही दुसरी. या वस्तूंना ऑब्जेक्ट म्हणतात. शून्याचं ठिगळ आता एकाच ठिकाणी आहे, आणि तिथे ते ठिगळ राहिलेलं नाही, व्याख्येचा भाग झालं आहे.

ही कल्पना प्रथम स्पष्टपणे मांडली ती नॉर्वेत. ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड हे दोघे १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा घडवत होते. त्यांना कारखाने, रांगा, वाहतूक यांची नक्कल संगणकावर करायची होती. त्यांच्यापुढच्या उदाहरणांत एक होतं पुलावरच्या टोलनाक्याचं : मोटारी, बस, ट्रक एका रांगेत उभे आहेत. प्रत्येकाचा प्रकार वेगळा, तरी रांगेच्या दृष्टीने सगळीच वाहनं. मग ‘वाहन’ हे सामाईक वर्णन एकदाच लिहून ‘ट्रक’ किंवा ‘बस’ यांत फक्त वेगळेपणा का लिहू नये? त्यांच्या सिम्युला ६७ या १९६७च्या भाषेत क्लास आणि उपक्लास या दोन्ही गोष्टी आल्या. नाशिकहून मुंबईला जाताना टोलनाक्यावर थांबलात तर वेळ घालवायला हा विषय बरा आहे.

कापरेकरांकडे याचंही तयार उदाहरण आहे. ६१७४ची साखळी ही त्यांची एकमेव साखळी नव्हे. दुसरी अशी : संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ३पासून निघा. ३ + ३ = ६. ६ + ६ = १२. १२ + १ + २ = १५. मग २१, २४, ३०, ३३, ३९, ५१, आणि अशीच पुढे न संपता. प्रत्येक संख्येला ‘मुलगी’ आहे, पण प्रत्येकीला ‘आई’ आहेच असं नाही. ३ला नाही. २०लाही नाही : अशी कोणतीच संख्या नाही की जिच्यात तिचे अंक मिळवून २० येतील. ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ याही तशाच. कापरेकरांनी यांना स्वयंभू संख्या म्हटलं, आणि १९६३ मध्ये देवळालीहून स्वतःच एक पुस्तिका छापून त्यांचं गणित मांडलं. पुढे १९७४ मध्ये कोलंबियातल्या एका गणितज्ञाने त्यांबद्दल प्रश्न विचारला, तेव्हापासून काही ठिकाणी त्यांना ‘कोलंबियन संख्या’ही म्हणतात. ‘देवळाली संख्या’ हेही नाव चालतं, आणि आपण तेच चालवावं असं मला वाटतं.

तर साखळ्या दोन. एकीत ‘पुढची’ म्हणजे उतरती वजा चढती, दुसरीत ‘पुढची’ म्हणजे स्वतःत अंकांची बेरीज मिळवणं. पण साखळी चालवणं दोन्हीकडे सारखंच : आत्ताची छाप, पुढची माग, पुन्हा छाप. म्हणून ‘साखळी’ हा सामाईक क्लास करायचा आणि त्याखाली दोन उपक्लास. चालवणाऱ्याने फक्त ‘पुढची दे’ म्हणायचं. ती कशी काढायची हे ज्याचं त्याला ठाऊक. ‘थांबायचं केव्हा’ हेही जो तो आपापलं ठरवतो : पहिली साखळी उत्तर न बदलल्यावर थांबते, दुसरी आपण सांगू तितक्या पायऱ्यांनंतर. मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गांना एकच सूचना पाठवावी, ‘सहलीची तयारी करा’, आणि पहिलीने डबे भरावेत, दहावीने नकाशे काढावेत, तसं हे आहे.

अशा प्रकारे निरोप पाठवणं हाच सगळ्या संगणकभाषेचा पाया असावा, हा विचार पुढे रेटला तो अमेरिकेत अ‍ॅलन के यांनी. ते जीवशास्त्र शिकलेले. शरीरातल्या पेशी जशा आपापल्या पडद्याआड राहून एकमेकींना रासायनिक निरोप देतात, तशा वस्तू संगणकात असाव्यात असं त्यांचं म्हणणं. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात १९७२ मध्ये त्यांच्या चमूने स्मॉलटॉक या भाषेची पहिली आवृत्ती केली. निरोप आल्यावर वस्तू जे करते त्याला ‘मेथड’ हे नाव याच भाषेने रूढ केलं. शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं यात एक आहे : ही भाषा मुलांना डोळ्यांपुढे ठेवून घडवली जात होती. अडेल गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी शाळकरी मुलांना ती शिकवून पाहत. ज्या कल्पना आज महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला ‘अवघड विषय’ म्हणून येतात, त्यांचे पहिले विद्यार्थी शाळकरी होते.

राहिलं मॉड्यूल. हा शब्द सर्वांत घसरडा, कारण वेगवेगळ्या भाषांत त्याचे अर्थ वेगळे आहेत. पायथनमध्ये एक फाईल म्हणजे एक मॉड्यूल. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या रुबी या भाषेत मॉड्यूल म्हणजे रीतींचं गाठोडं. त्याच्यापासून स्वतंत्र वस्तू बनत नाही, पण ते गाठोडं हव्या त्या क्लासमध्ये सोडता येतं. हा दुसरा अर्थ कापरेकरांच्या संख्यांवर छान उतरतो. त्यांची आणखी एक जात म्हणजे हर्षद संख्या, आनंद देणारी : आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. १२ला १ + २ = ३ने भाग जातो. ६१७४च्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३; म्हणजे तीही हर्षद. १९०५सुद्धा, १५ने १२७ वेळा. आता हर्षद ओळखायला अंकांची बेरीज लागते, स्वयंभू संख्या शोधायलाही लागते. संख्येचे अंक सुटे करणं तर सगळीकडेच लागतं. हर्षद आणि स्वयंभू यांत एक प्रकार दुसऱ्याचा उपप्रकार मुळीच नाही, तेव्हा उपक्लासची शिडी इथे लावता येत नाही. ‘अंक सुटे करा’, ‘अंकांची बेरीज करा’ या रीती एका ‘अंककाम’ नावाच्या मॉड्यूलमध्ये ठेवायच्या आणि ज्याला लागतील त्याने त्या घ्यायच्या. शाळेत प्रत्येक वर्गाला वेगळी सुतारपेटी नसते, एकच असते, तसं.

पण मॉड्यूलच्या मागचा मूळ विचार याहून खोल आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा शब्द शिकवू नये. १९७२च्या डिसेंबरात डेव्हिड पार्नास यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा : मोठा प्रोग्रॅम तुकड्यांत वाटायचा तर कुठे कापायचा? त्या काळी सर्वमान्य उत्तर होतं, कामाच्या पायऱ्यांप्रमाणे. आपल्या उदाहरणात : संख्या वाचणं हा एक तुकडा, अंक मांडणं दुसरा, वजाबाकी तिसरा, छापणं चौथा. कागदावर हे सुबक दिसतं. पण चारही तुकड्यांना ठाऊक असावं लागतं की अंक ठेवले आहेत कसे : चार घरांच्या यादीत, की अक्षरांच्या ओळीत, की एका संख्येत. उद्या ते बदलायचं ठरलं तर चारही तुकडे उसवावे लागतात. पार्नास म्हणाले, पायऱ्यांवर कापू नका. बदलू शकणारे निर्णय कोणते ते आधी शोधा, आणि प्रत्येक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात लपवा. ‘अंक कसे ठेवले’ हे फक्त अंकमालेला ठाऊक हवं. बाकीच्यांनी तिला उतरती, चढती, पुढची एवढंच विचारावं.

आपल्याकडे १९८४च्या सुमाराला शाळांमध्ये संगणक आणणारी जी राष्ट्रीय योजना निघाली, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं नाव योगायोगाने ‘क्लास’च होतं. तिच्यातून शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. त्यावरच्या बेसिक भाषेत क्लास नव्हते, पण नाव दिलेल्या रीती लिहिण्याची सोय होती, जी त्या वेळच्या अनेक बेसिकमध्ये नव्हती. एवढ्या साहित्यावरही ‘पुढची’ नावाची रीत लिहिता आली असती.

आता कापरेकरांबद्दल एक राहिलेली गोष्ट. त्यांच्या हयातीत अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम फारसं मनावर घेतलं नाही. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगात त्यांचं नाव झालं, १९८६ मध्ये ते वारले. गणितज्ञांचा आक्षेप काय होता? हे सगळे गुण संख्येचे नाहीत, तिच्या दशमान लेखनाचे आहेत. आपल्या हातांना दहाऐवजी आठ बोटं असती तर ६१७४मध्ये काही विशेष उरलं नसतं. आक्षेप बरोबर आहे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यात टीका काहीच नाही, उलट ती क्लास कुठे करायचा याची सूचना आहे. ‘संख्या’ हा एक क्लास, ‘अंकमाला’ हा दुसरा. कापरेकर आयुष्यभर दुसऱ्यावर काम करत होते. ०९९९ची गडबड या दोघांची गल्लत केल्यानेच होते. आणि पाया हीसुद्धा अंकमालेजवळची एक बाब मानली, रुंदीसारखीच, तर नवी दारं उघडतात. पाच पायात, म्हणजे ०पासून ४पर्यंतच अंक असताना, ३०३२ घ्या. उतरते ३३२०, चढते ०२३३, पाच पायातली वजाबाकी ३०३२. ती त्या घरची ६१७४.

वर्गात हे घ्यायचं तर संगणक नसला तरी अडत नाही. ६१७४ का येते हेही कागदावर तपासता येतं. चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढी येते. १९०५साठी ९९९ × ९ + ९० × ४ = ९३५१, जुळलं. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून. पहिला फरक १ ते ९पैकी काहीही, दुसरा ० पासून पहिल्याइतका. मोजले तर अशा जोड्या ५४ भरतात. शून्यं धरून चार अंकी अंकमाला, सगळे अंक सारखे असलेल्या सोडून, ९९९०; पण पहिल्याच वजाबाकीत त्या साऱ्या ५४ संख्यांवर येऊन बसतात. ५४ संख्या तिसेक मुलांत वाटल्या तर एका तासिकेत पूर्ण तपासणी होते, आणि तीही अपवाद न सोडता. संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम ९९९०च्या ९९९० तपासतो, क्षणात तपासतो, पण ५४चा आकडा तो आपणहून सांगत नाही.

ज्यांना संगणक मिळेल त्यांनी मग रुंदी बदलून पाहावी; क्लास नीट लिहिला असेल तर फक्त एक आकडा बदलायचा आहे. रुंदी ३ला सगळ्या वाटा ४९५ला जातात. रुंदी २ला मात्र थांबणंच नाही : ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. ‘उत्तर बदललं नाही की थांब’ असं सांगितलेला प्रोग्रॅम इथे फिरतच राहतो, आणि मुलांना ‘थांबायचं केव्हा’ ही रीत नव्याने लिहावी लागते. रुंदी ५ला एकच मुक्कामाची संख्या नाही. ५९९९४पासून निघालात तर ९९९५४ − ४५९९९ = ५३९५५, आणि ९५५५३ − ३५५५९ = ५९९९४. याखेरीज पाच अंकांत चार-चार संख्यांची आणखी दोन चक्रं आहेत. एकात ७५९३३ आहे, दुसऱ्यात ७४९४३.